हंगामेतर सायकल सराव

हंगामेतर सायकल सराव म्हणजे शर्यती, ब्रेव्हे अथवा लांब पल्ल्याच्या सायकल सहलींचा मुख्य हंगाम संपल्यानंतर आणि पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी सायकलपटूंनी केलेला नियोजित सराव होय. उत्तर गोलार्धातील थंड देशांत हा काळ साधारणतः ऑक्टोबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत मानला जातो. महाराष्ट्रात बहुतेक हौशी सायकलपटूंसाठी जून ते सप्टेंबर हे पावसाळ्याचे महिने हंगामेतर ठरतात. व्यावसायिक खेळाडूचा सराव प्रशिक्षक आखतो. हौशी सायकलपटूला मात्र नोकरी व घर सांभाळून मिळालेल्या आठवड्यातील पाच-सहा तासांचा हिशेब स्वतःच ठेवावा लागतो. त्यामुळे झालेल्या सरावाची नोंद आणि पुढील सरावाची आखणी ही या विषयाची दोन मुख्य अंगे आहेत.

पार्श्वभूमी

हंगामेतर सरावाची परंपरा प्रथम हिवाळ्यामुळे निर्माण झाली. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरातील चढाच्या शर्यतींनी वर्षाचा शेवट होतो. त्यानंतर क्लबचे सभासद मडगार्ड लावलेल्या जुन्या, जड सायकली बाहेर काढतात आणि दर रविवारी गटाने फिरतात. पूर्वी या काळात फिक्स गिअरची, म्हणजे चाक फिरत असेपर्यंत पायही फिरवावेच लागतात अशी, सायकल वापरण्याची प्रथा होती. जानेवारीपासून विशिष्ट अंतर ठरावीक वेळेत पूर्ण करण्याच्या सामूहिक चाचण्या होत. त्यांत क्रमांक काढला जात नसे; हिवाळ्यात कोणी किती काम केले आहे याची ती परीक्षा असे.

फ्रान्समध्ये याच गरजेतून एक स्वतंत्र क्रीडाप्रकार जन्माला आला. चिखल, शेते व पायवाटा यांतून सायकल चालवत आणि प्रसंगी खांद्यावर घेऊन धावत पार करायच्या सायक्लोक्रॉस या प्रकाराची पहिली फ्रेंच राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली. १९१० ची टूर दे फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझ याने आपल्या यशाचे श्रेय हिवाळ्यातील सायक्लोक्रॉसला दिल्यानंतर या प्रकाराला प्रतिष्ठा लाभली.

सरावाचे वर्ष टप्प्यांत विभागण्याची पद्धत सोव्हिएत क्रीडाशास्त्रज्ञ लेव्ह मात्वेयेव्ह यांच्या १९६० च्या दशकातील लेखनातून रूढ झाली. पायाभरणी, तीव्र तयारी, स्पर्धा आणि विश्रांती असे त्या विभागणीचे ढोबळ स्वरूप आहे. अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांच्या १९९६ मधील पुस्तकाने ही कल्पना हौशी सायकलपटूंपर्यंत पोहोचवली.

नोंदीचा इतिहास

आपण किती अंतर कापले हे जाणण्याची सायकलस्वाराची हौस सायकलइतकीच जुनी असावी. अमेरिकेतील कर्टिस व्हीडर याने १८९५ मध्ये चाकाला जोडायचा छोटा अंतरमापक बाजारात आणला. आरीवर बसवलेली खुंटी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एका लहान चक्राला टोला देई आणि आकडे पुढे सरकत. रोजचा आकडा वहीत उतरवून ठेवणे ही सवय याच सुमारास रुजली. १९११ मध्ये ब्रिटनमधील ‘सायकलिंग’ या साप्ताहिकाने वर्षभरात सर्वाधिक अंतर कापण्याची स्पर्धा घेतली आणि मार्सेल प्लान्स याने ३४,३६६ मैल पूर्ण करून ती जिंकली. टॉमी गॉडविन याने १९३९ मध्ये केलेला ७५,०६५ मैलांचा (सुमारे १,२०,८०५ किमी) विक्रम तर २०१६ पर्यंत अबाधित राहिला. युद्धकाळातील अंधारबंदीत, झाकलेल्या दिव्याच्या उजेडात त्याने त्या वर्षाचे अखेरचे महिने काढले होते.

नोंदवहीला गणिताची जोड देण्याचे श्रेय ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांच्याकडे जाते. आपल्या आयुष्यभराच्या सायकलीच्या नोंदी एका आकड्यात कशा सांगाव्यात, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आज एडिंग्टन अंक म्हणून ओळखले जाते. ज्या दिवशी किमान ४० मैल सायकल चालवली असे किमान ४० दिवस नोंदीत असतील, पण किमान ४१ मैलांचे ४१ दिवस नसतील, तर तो अंक ४० होतो. ४० वरून ४१ वर जाणे वाटते तितके सोपे नाही. कारण नेमके ४० मैल चालवलेले सर्व दिवस पुढच्या हिशेबातून बाद होतात. १९४४ मध्ये एडिंग्टन यांचे निधन झाले तेव्हा त्यांचा अंक ८४ होता. संशोधकांच्या कार्याचे मोजमाप करणारा, २००५ मध्ये मांडला गेलेला एच-निर्देशांक याच तत्त्वावर आधारलेला आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यानंतरची प्रगती उपकरणांची आहे. फिनलंडमधील पोलार कंपनीने १९८२ मध्ये छातीच्या पट्ट्यावरून बिनतारी पद्धतीने हृदयगती दाखवणारे यंत्र आणले. जर्मन अभियंता उलरिख शोबरर याने १९८६ मध्ये पायडलवरील बळ वॅटमध्ये मोजणारा शक्तिमापक तयार केला. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांमधील हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी काढून टाकली आणि काही वर्षांतच सायकलच्या हँडलवर मार्ग नोंदवणारी यंत्रे बसू लागली. २००९ मध्ये सुरू झालेल्या स्ट्राव्हा या सेवेने वही सार्वजनिक केली. आतापर्यंत सायकलपटू स्वतःसाठी नोंद ठेवत होता. आता ती इतरांना दिसू लागली. हा बदल यंत्रांच्या बदलापेक्षा मोठा म्हणावा लागेल.

खंड पडल्याचे परिणाम

हंगाम संपल्यावर सायकल भिंतीला टेकवून ठेवली तर नेमके काय गमावले जाते, हा हौशी सायकलपटूंचा नेहमीचा प्रश्न आहे. एडवर्ड कॉइल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चांगल्या तयारीच्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवण्यात आला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि ५६ दिवसांनंतर मूळच्या सुमारे १६ टक्के खाली स्थिरावली. सुरुवातीची घट मुख्यतः रक्ताचे आकारमान कमी झाल्याने होते. स्नायूंमधील बदल त्यामानाने सावकाश होतात.

याहून उपयुक्त माहिती रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगांतून मिळते. त्यांनी काही व्यक्तींकडून १० आठवडे, आठवड्यातून ६ दिवस, रोज ४० मिनिटे सायकल व धावण्याचा तीव्र सराव करून घेतला आणि नंतरचे १५ आठवडे त्यात कपात केली. एका प्रयोगात आठवड्याचे दिवस ६ वरून ४ किंवा २ वर आणले. कमाल क्षमता टिकून राहिली. दुसऱ्यात रोजची ४० मिनिटे २६ किंवा १३ वर आणली. तरीही कमाल क्षमता टिकली, मात्र १३ मिनिटांच्या गटात दीर्घकाळ तग धरण्याची शक्ती घटली. तिसऱ्यात दिवस व वेळ तेवढेच ठेवून तीव्रता कमी केली, तेव्हा कमाल क्षमताही टिकली नाही.

या निष्कर्षांचा अर्थ हौशी सायकलपटूच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वेळ अपुरा असताना आठवड्यातून दोन-तीन छोटे पण दमदार सराव पुष्कळ काही राखून ठेवतात. महिन्याच्या किलोमीटरची बेरीज घटली म्हणून सर्व कमाई गेली असे होत नाही. लांब पल्ल्याची चिकाटी मात्र केवळ छोट्या सरावांनी राखता येत नाही. तिच्यासाठी अधूनमधून एखादी दीर्घ फेरी लागतेच.

काय नोंदवावे

किलोमीटर हे सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे माप आहे. पुण्याहून सोलापूरच्या दिशेने सपाटीवर पाठीशी वारा असताना कापलेले ६० किमी आणि दोन घाट चढून कापलेले ६० किमी वहीत सारखेच दिसतात. म्हणून अंतराऐवजी वेळ व श्रम यांची नोंद घेणे अधिक योग्य मानले जाते.

श्रम मोजण्याची सर्वांत स्वस्त पद्धत अमेरिकन संशोधक कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली. तिचा आधार स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रमाच्या जाणिवेची मोजपट्टी हा आहे. सराव संपल्यावर सुमारे अर्ध्या तासाने ‘आजचा सराव किती जड गेला?’ याचे उत्तर ० ते १० मध्ये द्यायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. ९० मिनिटांच्या आरामशीर फेरीला ४ गुण दिले तर भार ३६० येतो. घामाघूम करणाऱ्या ४० मिनिटांच्या सरावाला ९ गुण दिले तरी भार ३६०च येतो. शरीरावर होणारा परिणाम दोन्ही वेळी एकच नसतो, म्हणून गुणाकाराबरोबर मूळचे दोन्ही आकडे लिहून ठेवणे इष्ट.

शक्तिमापक असणारे सायकलपटू साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल शक्ती आधार म्हणून घेतात. ती काढण्यासाठी बहुधा २० मिनिटांची जोरकस चाचणी घेऊन आलेल्या सरासरीचे ९५ टक्के धरतात. सरासरी २१० वॅट आली तर आधार सुमारे २०० वॅट होतो. अँड्र्यू कॉगन यांच्या पद्धतीत या आधारावर एक तास चालवल्यास १०० गुण मिळतात आणि त्यावरून प्रत्येक फेरीचा भार ठरतो. या भारांची ४२ दिवसांची भारित सरासरी संगणकीय आलेखात ‘तंदुरुस्ती’ म्हणून आणि ७ दिवसांची ‘थकवा’ म्हणून दाखवली जाते. या आलेखांचे मूळ एरिक बॅनिस्टर व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानात आहे.

‘तंदुरुस्ती’ हे या रेषेचे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. सराव पूर्ण थांबवला तर गणिताच्या नियमानेच ही रेषा ५६ दिवसांत सुमारे ७४ टक्क्यांनी खाली येते. कॉइल यांच्या अभ्यासात तेवढ्याच काळात कमाल क्षमतेत प्रत्यक्ष झालेली घट सुमारे १६ टक्के होती. रेषा गेल्या काही आठवड्यांतील सरावाची सरासरी सांगते, शरीराची अवस्था सांगत नाही. हंगाम संपल्यानंतर ती उतरणे अपेक्षित आणि आवश्यक आहे. अनेक जण ती उतरू नये म्हणून विश्रांतीचे दिवसही खर्ची घालतात.

महागड्या यंत्रांपुढे साध्या वहीची बाजू एका संशोधनाने भक्कम केली आहे. २०१६ मध्ये अ‍ॅना सॉ व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. सरावाच्या भाराला शरीर कसा प्रतिसाद देत आहे हे रक्तातील घटक, हृदयगती अशा वस्तुनिष्ठ मोजमापांपेक्षा खेळाडूने स्वतः दिलेल्या मनःस्थितीच्या व थकव्याच्या नोंदींतून अधिक चांगले कळते, असे त्यांना आढळले. झोप कशी झाली, पाय जड वाटतात का, सायकलवर बसण्याची इच्छा आहे का, या तीन प्रश्नांची रोज सकाळी एका ओळीत दिलेली उत्तरे म्हणूनच मोलाची ठरतात. यंत्र ही ओळ आपोआप लिहीत नाही आणि म्हणूनच बहुतेक नोंदींत ती नसते.

आखणी

आखणी उलट्या क्रमाने, म्हणजे लक्ष्याच्या तारखेपासून मागे येत करतात. उदाहरणार्थ, नोव्हेंबरच्या मध्यावर २०० किमीची ब्रेव्हे करायची आहे. ब्रेव्हे ही शर्यत नसून ठरलेले अंतर मुदतीत पूर्ण करण्याचा उपक्रम आहे आणि २०० किमीला १३ तास ३० मिनिटांची मुदत असते. चालत्या सायकलचा सरासरी वेग ताशी २० किमी राहिला तर १० तास सायकलवर जातात आणि खाणेपिणे, पंक्चर व नियंत्रण केंद्रे यांसाठी साडेतीन तास उरतात. तेव्हा तयारी वेगाची नसून १० तास खोगिरावर बसण्याची, हे प्रथम स्पष्ट होते. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून मोजल्यास हाताशी सुमारे २३ आठवडे आहेत. पहिले दोन आठवडे विश्रांतीचे. पुढे पावसाच्या जोरात आठवड्यातून दोन छोटे तीव्र सराव आणि पाऊस उघडेल त्या दिवशी दोन-तीन तासांची एक फेरी. सप्टेंबरात हीच फेरी चार-पाच तासांची होते आणि ऑक्टोबरात १०० ते १५० किमीच्या दोन-तीन फेऱ्या पुरतात. तीन आठवडे भार वाढवून चौथा आठवडा हलका ठेवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. आठवड्याला १० टक्क्यांहून अधिक वाढ करू नये हा नियमही वारंवार सांगितला जातो. धावपटूंवरील चाचणीत मात्र त्याला पुष्टी मिळालेली नाही. तो सावधगिरीचा सल्ला म्हणून घ्यावा.

सोपे किती आणि कठीण किती, यावर मतभेद आहेत. नॉर्वेत कार्यरत असलेले अमेरिकन संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या असता त्यांची सुमारे ८० टक्के सरावसत्रे सहज बोलता येईल इतक्या सौम्य गतीची असल्याचे दिसले. आठवड्याला २० तास सराव करणाऱ्यांचे हे प्रमाण पाच तासवाल्याला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. तथापि हौशी सायकलपटूची नेहमीची चूक यातून उमगते: त्याच्या सोप्या फेऱ्या पुरेशा सोप्या नसतात आणि त्यामुळे कठीण फेऱ्यांसाठी ताकद उरत नाही.

महाराष्ट्रातील पावसाळी सराव

ब्रेव्हेंचे अधिकृत वर्ष १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असे मोजले जाते. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किमीची ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यतही साधारणतः नोव्हेंबरात होते. त्यामुळे पावसाळा हा पायाभरणीचा काळ ठरणे स्वाभाविक आहे. पण लक्ष्य परदेशात असेल तर हे कोष्टक उलटते. १८९१ मध्ये प्रथम झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही १,२०० किमीची फेरी ऑगस्टमध्ये असते. तिच्यासाठी त्याच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या ब्रेव्हे पूर्ण कराव्या लागतात. महाराष्ट्रातील सायकलपटूची पात्रता फेरी उन्हाळ्यात आणि अखेरची तयारी भर पावसात येते. इतरांचा हंगामेतर काळ हाच त्याचा ऐन हंगाम असतो. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किमीची शर्यत जूनमध्ये होते. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ती पूर्ण केली आणि २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. जूनमधील अशा शर्यतीची शेवटची तयारी आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात करावी लागते.

पावसाळी सरावाच्या अडचणी स्थानिक आहेत. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल वर येते. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि रेल्वेचे रूळ निसरडे होतात. रूळ काटकोनातच ओलांडावे लागतात. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, म्हणून साचलेल्या पाण्यातून सायकल घालणे टाळावे. त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होण्याचाही संभव असतो. चाकाने उडवलेला चिखल पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर बसतो आणि घोटाबरोबर पोटात जातो. झाकणाची बाटली हा त्यावर साधा उपाय. कसारा, आंबोली, वरंध यांसारख्या घाटांत धुके व दरडी यांचा विचार करून मार्ग ठरवावा लागतो. मागे लाल दिवा आणि परावर्तक पट्टे दिवसाही आवश्यक ठरतात.

नोंदींवरही पावसाचा परिणाम होतो. हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या यंत्राचे बारीक छिद्र पाण्याने बुजले की ते भलतीच चढाई दाखवते. दमट हवेत घाम सुकत नाही आणि त्याच श्रमाला हृदयगती नेहमीपेक्षा जास्त पडते. जुलैतील आकड्यांची तुलना डिसेंबरशी करून ‘आपण मागे पडलो’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे. याच वहीत सायकलचाही हिशेब ठेवावा. चिखलमातीमुळे चेन व ब्रेकचे रबर पावसाळ्यात लवकर झिजतात; चेन कधी बदलली याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असले की महागडी दातेरी चक्रे वाचतात.

घरातील सराव

रोलर किंवा ट्रेनरवर सायकल बसवून घरात सराव करण्याची पद्धत जुनी आहे. २०१४ पासून उपलब्ध झालेल्या झ्विफ्टसारख्या आभासी मार्गांमुळे ती लोकप्रिय झाली. घरात सिग्नल, उतार वा विसावा नसल्याने एक तासाचे काम रस्त्यावरील त्याहून अधिक वेळाच्या बरोबरीचे वाटते. मोठा पंखा नसेल तर शरीर तापून सराव वाया जातो. पडद्यावर दिसणारे किलोमीटर हे संगणकाचे अनुमान असते. ते रस्त्यावरील किलोमीटरमध्ये मिळवू नयेत, वेगळ्या रकान्यात लिहावेत.

धोके व टीका

सार्वजनिक नोंदींनी अनेकांना सायकलवर टिकवून ठेवले आहे. २४ ते ३१ डिसेंबर या आठ दिवसांत ५०० किमी चालवण्याचा, २०१० पासून चालत आलेला ‘फेस्टिव्ह ५००’ उपक्रम याचे उदाहरण होय. मात्र रस्त्याच्या विशिष्ट तुकड्यांवरील वेगाच्या क्रमवारीमुळे रहदारीच्या रस्त्यावर शर्यत लागते. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात उतारावरचा आपला गमावलेला पहिला क्रमांक परत मिळवण्याच्या प्रयत्नात एका सायकलस्वाराचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबीयांनी स्ट्राव्हाविरुद्ध दाखल केलेला दावा न्यायालयाने फेटाळला. जानेवारी २०१८ मध्ये याच सेवेच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड होत असल्याचे लक्षात आले. सामान्य सायकलपटूसाठी प्रश्न घराच्या दारापासून सुरू होणाऱ्या रेषेचा आहे: कोण, कधी, किती महाग सायकल घेऊन कोठून निघतो हे त्यातून कळते. मार्गाचा आरंभ व शेवट लपवण्याची सोय बहुतेक सेवांत असून ती प्रथमच चालू करावी.

शारीरिक धोका अतिसरावाचा आहे. युरोपीय व अमेरिकन क्रीडावैद्यक संस्थांनी २०१३ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार अतिसरावाचे निदान करणारी एकच एक खात्रीची चाचणी उपलब्ध नाही. कामगिरी घसरणे, पुरेशी विश्रांती घेऊनही ती न सुधारणे, झोप बिघडणे, चिडचिड आणि वारंवार सर्दी-पडसे ही त्याची सामान्य लक्षणे होत. महिन्याचे लक्ष्य पूर्ण होण्यास ३० किमी कमी पडतात म्हणून अंगात कणकण असताना ३१ तारखेला सायकल काढणारे अनेक आहेत. ताप, छातीत दुखणे किंवा भोवळ असल्यास सराव बंद ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. त्या दिवशी वहीत अंतरापुढे शून्य आणि शेजारी कारण लिहावे. पुढच्या वर्षीची आखणी करताना हा रकाना इतर कोणत्याही रकान्याइतकाच वाचला जातो.